घराची बोली कोठून सुरू व्हावी?

पोत्यामागे दोन रुपयांचा फरक पडला तरी हिशेब पुन्हा तपासणारा व्यापारी घर घेताना मात्र मालकाने सांगितलेल्या किमतीतून पाच-दहा लाख वजा करून बोली लावतो, आणि बरीच घासाघीस केली अशा समाधानात घरी परततो. ही मोजणी मालकाच्या गरजेपासून सुरू झालेली असते, स्वतःच्या कुवतीपासून नव्हे.

उदाहरणादाखल पुण्याच्या मार्केट यार्डात भुसार मालाचा व्यापार करणारे एक कुटुंब घ्यावे. बिबवेवाडीत देरासराजवळ सदनिका पाहण्यात आली. आजींना रोज पायी दर्शनाला जाता येईल, या एकाच गोष्टीने घरातील सर्वांचे मन तेथे गुंतले. मालकाने १ कोटी २० लाख सांगितले. थोरला मुलगा १ कोटी १५ लाखांवर सौदा मिटवून त्याच दिवशी विसार देण्यास उत्सुक होता. तेव्हा दुकानाचे हिशेब पाहणाऱ्या धाकट्या सूनबाईंनी एकच प्रश्न विचारला, “बाबूजी, मग मार्चमध्ये गहू-हरभऱ्याची खरेदी कशातून करायची?”

त्या रात्री वही उघडली गेली. खेळत्या भांडवलाला हात न लावता घरासाठी ४२ लाख निघत होते. कर्जाची रक्कम ७५ लाखांहून अधिक असल्यास बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ७५ टक्के कर्ज देते, म्हणजे २५ टक्के स्वतःचे. त्यावर पुणे शहरात अधिभारांसह मुद्रांक शुल्क ७ टक्के आणि नोंदणी शुल्क ३० हजार. हे खर्च कर्जात बसत नाहीत. दलाली १ टक्का, दुरुस्ती ६ लाख आणि सोसायटीचे हस्तांतरण शुल्क २५ हजार धरले. १ कोटी २० लाखांच्या घराला पदरचे सुमारे ४६ लाख लागत होते. ४२ लाखांत बसणारी किंमत काढली, तेव्हा ती १ कोटी ७ लाखांवर थांबली.

दुसरी पडताळणी बाजाराची. शेजारी सांगतात ते भाव ऐकीव असतात. नोंदलेले व्यवहार मात्र राज्याच्या नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ‘इंडेक्स टू’मध्ये पाहता येतात. त्याच इमारतीतील तेवढ्याच चटई क्षेत्राच्या दोन सदनिका वर्षभरात १ कोटी ४ लाख आणि १ कोटी ८ लाखांना गेल्या होत्या. कुवत आणि बाजार यांचा मेळ बसला. पहिली बोली १ कोटी २ लाख आणि अखेरची १ कोटी ७ लाख, असे वहीत लिहून ठेवले गेले.

मालक १ कोटी १४ लाखांच्या खाली येईना. मध्यस्थाने तोडगा सुचवला: करारात ९० लाख दाखवावेत, उरलेले रोखीने द्यावेत. बाबूजींनी तो तत्काळ नाकारला. मुद्रांक शुल्क करारातील किंमत आणि शासकीय मूल्य यांपैकी जे अधिक असेल त्यावर लागते. करारातील किंमत शासकीय मूल्याहून दहा टक्क्यांपेक्षा जास्त कमी असेल, तर तो फरक खरेदीदाराचेच उत्पन्न मानून त्यावर कर आकारला जाऊ शकतो. स्थावराच्या व्यवहारात २० हजार वा अधिक रक्कम रोखीने स्वीकारणे कायद्याला मान्य नाही. करारातील आकडा घटला की बँकेचे कर्जही घटते. पेढीची पत ज्या वहीवर उभी आहे, तिच्यात खोटा आकडा लिहून घरात पाऊल ठेवणे त्यांना रुचणारे नव्हते.

सौदा फिसकटला. आजी दोन दिवस अबोल होत्या. मुलगा म्हणाला, सात लाखांसाठी घर गेले. हिशेबाच्या दृष्टीने ते खरे नव्हते. ते सात लाख आणि त्यावरील खर्च हंगामाच्या खरेदीतून जाणार होते, आणि हंगाम चुकला तर कर्जाचा हप्ता भरणार कोण, याचे उत्तर कोणापाशीच नव्हते.

चार महिन्यांनी देरासरापासून थोड्या अंतरावरील जुन्या इमारतीत १ कोटी ३ लाखांना घर मिळाले. ते केवळ सूनबाईंच्या नावे घेतल्याने मुद्रांक शुल्कात स्त्री खरेदीदाराची एक टक्क्याची सवलतही मिळाली. आजी आता दर्शनाला रिक्षाने जातात. मार्चची खरेदी मात्र नेहमीप्रमाणे, उधारीविना झाली.

बोलीचा अखेरचा आकडा घर पाहण्यापूर्वी, सर्वांनी एकत्र बसून वहीत लिहावा. आवडलेल्या घराच्या उंबऱ्यावर उभे राहून तो ठरवू नये.