गिधाडं, गोठा आणि बाईचे कष्ट

पर्यावरणाचा विषय निघाला की आपल्या गटांमध्ये बोलणं होतं ते पाणी, जळण, फार तर धरण, एवढ्यावर. गिधाडांचं नाव काढलं की मैत्रिणी हसतात. मेलेलं ढोर खाणारा पक्षी, त्याचा बायकांच्या प्रश्नाशी काय संबंध? रत्नागिरी जिल्ह्यात वाडीवाडीतून फिरताना मला तो संबंध सतत दिसतो, म्हणून हे लिहिते आहे.

१९९०च्या दशकात देशातली गिधाडं भराभर मरू लागली. पांढऱ्या पाठीची गिधाडं पंधराएक वर्षांत ९९ टक्क्यांहून अधिक घटली. कारण नक्की कळलं ते २००४ मध्ये, पाकिस्तानात झालेल्या संशोधनातून. गुरांना सूज आणि दुखण्यावर टोचलं जाणारं डायक्लोफिनॅक हे स्वस्त औषध ते कारण होतं. औषध टोचलेलं जनावर लवकरच मेलं आणि गिधाडांनी ते खाल्लं, तर त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. मादी वर्षाला एकच अंडं घालते, मग तूट भरून यायची कशी? २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. पण माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोचतच होत्या, म्हणून २०१५ मध्ये त्याही बंद केल्या. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅकवर जनावरांसाठी बंदी आली. गिधाडांना न बाधणारं मेलॉक्सिकॅम बाजारात आहेच.

हे केवळ पक्षिप्रेमींचं दुखणं नाही. गिधाडं गेली तशी उघड्यावरची मढी कुजू लागली, पाणी नासलं, भटकी कुत्री आणि त्यांच्याबरोबर रेबीज वाढला. इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये मांडलेला हिशोब असा, की २००० ते २००५ या काळात त्यापायी देशात सुमारे ५ लाख माणसं जादा मेली. आजाऱ्याची उस्तवार कोण करतं, ते आपल्याला नव्याने सांगायला नको.

आता आपल्या जिल्ह्याकडे बघू. २०११च्या जनगणनेत रत्नागिरीत १००० पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. या आकड्याचं कौतुक होतं, पण त्यातलं पुष्कळसं श्रेय मुंबईच्या गाडीला आहे. पुरुष चाकरमानी, गावात बाई. शेण काढणं, पेंढा घालणं, धार काढणं, गाय आजारी पडली तर रात्र जागवणं, सगळं तिच्याकडे. आणि जनजागृतीची बैठक भरते तेव्हा देवळाच्या सभामंडपात पुढे पुरुष बसतात, बाया चहाच्या पातेल्यापाशी. अशा एका बैठकीनंतर मी बायांना विचारलं, गुरांना कुठलं इंजेक्शन देतात? एक काकी म्हणाल्या, मोटारसायकलवरून येतो तो टोचून जातो, नाव कोण विचारणार? तिथे लावलेली भित्तिपत्रकं त्यांच्यासाठी नव्हतीच. खरं तर गोठ्यात काय टोचलं जातं यावर रोजचं लक्ष ठेवू शकेल ती हीच बाई. ‘उमेद’च्या पशुसखींना औषधांची ही नावं पाठ करून दिली, तर बरंच काम होईल.

दुसरी अडचण उपासमारीची. एकटीला गुरं झेपत नाहीत, म्हणून गोठे रिकामे होत चालले. गुरं नाहीत तर गिधाडांनी खायचं काय? शेजारच्या रायगड जिल्ह्यात म्हसळा तालुक्यातल्या चिरगावाने घरट्यांची झाडं राखली, मेलेली जनावरं गिधाडांसाठी आणून टाकली. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात त्या पट्ट्यातली झाडं मोडली, तरी गावाने दाखवलेली वाट खोटी ठरत नाही.

पण ढोर ओढायचं कुणी? हा प्रश्न निसर्गप्रेमी मंडळी फारसा विचारत नाहीत. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे आपल्याच मंडणगड तालुक्यात. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत त्यांनी मृत मांस सोडायला सांगितलं, गावकीच्या हलक्या कामांतून बाहेर पडायला सांगितलं. गिधाडांच्या नावाने ते काम पुन्हा त्याच वस्तीच्या गळ्यात पडणार असेल, तर मी त्या योजनेच्या विरोधात उभी राहीन. गाडी हवी, हातमोजे हवेत, ठरलेली मजुरी हवी, आणि काम कुणीही करावं.

पर्यटनातून गावाला पैसा मिळेल, असंही सांगितलं जातं. मिळतो, ते वेळासला दिसलं. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये तिथे कासवांची अंडी राखायला सुरुवात केली. पुढे कासव महोत्सव सुरू झाला, पाहुणे गावातल्या घरांतून राहू-जेवू लागले. काम मोलाचं आहे, यात शंका नाही. मात्र अशा प्रत्येक ठिकाणी पाहुण्यांसाठी पहाटे चूल पेटवते ती बाई, भाकऱ्या आणि मोदक तिच्या हातचे. पैसे कुणाच्या खात्यावर जमा होतात? घरपट्टी कुणाच्या नावावर आहे? उद्या गिधाडं बघायला माणसं आली, तर हे पहिल्या दिवशीच ठरायला हवं, मागाहून मागितलं तर मिळत नाही.

कायद्याने जागा दिल्या आहेत. २००४च्या जैवविविधता नियमांनी गावच्या जैवविविधता समितीत निदान एक तृतीयांश स्त्रिया घ्यायला सांगितलं. नावं कागदावर चढतात, पण आपण समितीवर आहोत हे त्यांतल्या किती जणींना ठाऊक असतं, ते आपापल्या गावात विचारून पाहा. ग्रामसभेआधी महिला ग्रामसभा घ्यावी लागते. पुढच्या सभेत आपल्या गटांनी तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: गुरांना दिलेल्या औषधाचं नाव कागदावर मिळावं, मेलेलं जनावर नेण्याची मजुरी पंचायतीने द्यावी, आणि पाहुणचाराचा पैसा राबणारीच्या खात्यात जमा व्हावा. ग्रामसेवक म्हणेल, हा विषय अजेंड्यावर नाही. तेव्हा अर्ज दोन दिवस आधी द्या आणि पोच घ्या.