नावाला मानधन, गुडघ्याला कोण विचारतो?

धानाची मळणी आटोपली की भंडारा जिल्ह्यात गावोगावी कबड्डीचे सामने रंगू लागतात. मंडळे वर्गणी गोळा करतात आणि पस्तिशी ओलांडलेला एखादा नामवंत खेळाडू मानधन देऊन बाहेरून आणतात. नाव मोठे म्हणून गर्दीही मोठी. परंतु मैदानात नाव उतरत नाही, शरीर उतरते.

तिशीनंतर दर दहा वर्षांत स्नायूंचे वस्तुमान साधारणपणे ३ ते ८ टक्के घटते. व्यायामाने ही झीज मंदावते, थांबत नाही. टाचेमागची जाड शीर तुटण्याचे प्रकार ३० ते ५० या वयात अधिक आढळतात. पूर्वी दुखावलेला सांधा पुन्हा दुखावण्याचा संभव जास्त, आणि ३० सेकंदांच्या चढाईत सारा भार त्याच गुडघ्या-घोट्यावर येतो. पस्तिशीनंतर खेळताना अकस्मात मृत्यू येण्याचे प्रमुख कारण म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांतील अडथळा. खर्रा, विडीची सवय असल्यास धोका आणखी वाढतो.

अनुप कुमारने २०१५ साली यू मुंबाला प्रो कबड्डीचे विजेतेपद मिळवून दिले. २०१८ मध्ये जयपूरने त्याला ३० लाखांना घेतले; त्याच हंगामात, डिसेंबरमध्ये, पस्तिसाव्या वर्षी त्याने निवृत्ती जाहीर केली. अनुभव विकत मिळतो, वय नाही.

कोणी म्हणेल, धोनीने २०२३ मध्ये ४१ व्या वर्षी दुखऱ्या गुडघ्यानिशी चेन्नईला जिंकून दिलेच ना! खरे आहे. पण लगेच मुंबईत त्याच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली, आणि त्याच्यामागे तज्ज्ञांची फौज होती. आपल्याकडे असते ती वेदनाशामक गोळी. वेदना हा शरीराचा इशारा आहे. तो दाबून खेळल्यास इजा वाढते. घामाने पाणी कमी झालेल्या शरीरात अशा गोळ्या मूत्रपिंडालाही अपाय करतात.

म्हणून मंडळांनी बोलणी करण्यापूर्वीच खेळाडूचा रक्तदाब, ई.सी.जी. आणि सांधे डॉक्टरांकडून तपासून घ्यावेत. वर्गणीतील काही रक्कम उपचारांसाठी राखून ठेवावी. ज्येष्ठाला पूर्ण ४० मिनिटे न राबवता मोक्याच्या वेळी उतरवावे. उरलेल्या वेळी त्याने गावातील पोरांना पकडी शिकवाव्यात. मानधनाचे चीज त्यातच अधिक होईल.

सामना एका रात्रीचा असतो. पण त्या खेळाडूला पावसाळ्यात बांधीतल्या चिखलात रोवणीसाठी उभे राहायचे असते, ते याच गुडघ्यांवर. गुडघा गेला तर त्या घरची चूल कोणते मंडळ पेटवणार?