उसाचे बिल आणि डोक्यावरचा भार



विद्यापीठातले संशोधन म्हटले की आपल्याला नवे वाण, खताची मात्रा नाहीतर माती परीक्षण आठवते. पण काही विद्यापीठांत अर्थशास्त्राचे आणि मानसशास्त्राचे जाणकार एकत्र बसून माणसाच्या वागण्याचाही अभ्यास करतात. असा एक अभ्यास चक्क ऊस पिकवणाऱ्यांवर झाला. तो तामिळनाडूतला.

अनंदी मणी, सेंधिल मुल्लइनाथन, एल्डार शफीर आणि जियायिंग झाओ या चौघांनी तो केला आणि 2013 साली प्रसिद्ध केला. 54 गावांतले 464 लहान ऊस शेतकरी त्यांनी निवडले. प्रत्येकाला दोनदा कोडी घातली, एकदा ऊस तुटण्याआधी आणि एकदा पैसे हाती आल्यावर. कोडी साधीच. चित्रातला एक तुकडा गायब, तो ओळखायचा. किंवा कार्डावर 5 हा आकडा तीनदा लिहिलेला. किती वेळा लिहिलाय ते सांगायचे, म्हणजे उत्तर तीन. तोंडातून मात्र पाच निघू पाहते! ज्याचे चित्त ठिकाणावर, तोच पटकन बरोबर सांगतो.

झाले असे की चित्रांच्या कोड्यांत तोडीनंतर सरासरी 5.45 उत्तरे बरोबर आली, तोडीआधी 4.35. आकड्यांच्या कोड्यांतही तोडीआधी वेळ जास्त लागला आणि चुका जास्त झाल्या. माणूस तोच, शिक्षण तेच, रान तेच. बदलले होते एवढेच की तोडीआधी 99 टक्के लोकांच्या डोक्यावर कर्ज होते, नंतर 13 टक्के. वस्तू गहाण टाकलेले आधी 78 टक्के, नंतर 4.

तुम्ही म्हणाल, दुसऱ्या खेपेला सराव झाला असेल. ती शंका त्यांनाही आली होती. म्हणून 100 जण बाजूला ठेवले आणि त्यांना पहिल्यांदाच तोडीनंतर कोडी घातली. त्यांचीही उत्तरे चांगलीच आली. शिवाय तिकडेही तोड काही महिने चालते. एकाच महिन्यात एकाचे बिल आलेले, शेजाऱ्याचा ऊस अजून उभा. तेव्हा हवामानाला दोष देता येत नाही.

पैशाची ओढाताण असली की मन सारखे तिकडेच धावते आणि बाकी विचाराला जागा उरत नाही, असा त्यांचा निष्कर्ष. पुढे अमेरिकेत पगाराआधी आणि पगारानंतर अशी तपासणी झाली, तीत मात्र हा फरक दिसला नाही. मला त्यात फारसे नवल वाटत नाही. पगाराची तारीख ठरलेली असते. उसाच्या बिलाची वाट पाहणे काय असते, ते नोकरदाराला कसे कळावे?

तेव्हा घरातल्या कर्त्याने ओढगस्तीच्या दिवसांत खताचा हप्ता विसरला, न वाचताच कर्जाच्या कागदावर सही केली, तर लगेच ‘याला अक्कल नाही’ म्हणू नका. मोठे निर्णय, म्हणजे ठिबक, विहीर, लग्नाची बोलणी, शक्यतो बिल आल्यावर, घरच्या लक्ष्मीला शेजारी बसवून घ्यावेत. टंचाईत सही करावीच लागली, तर कागद एक रात्र घरी ठेवावा.

केनियातही एक प्रयोग झाला. एस्थर डुफ्लो, मायकेल क्रेमर आणि जोनाथन रॉबिन्सन यांनी तिथल्या शेतकऱ्यांना सुगी होताच, हातात पैसा असतानाच, खताचे पैसे भरायला सांगितले. खत नंतर फुकट घरपोच. त्या शेतकऱ्यांत खत वापरणारे वाढले. आपल्याकडेही बिल जमा झाले की पुढच्या पिकाच्या खताची रक्कम त्याच दिवशी बाजूला काढता येते. आठ दिवसांनी ती राहत नाही, हे काय मी सांगायला हवे?

एक गोष्ट कारखान्यांच्या कारभाऱ्यांसाठी. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोचल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यायचे असतात, उशीर झाला तर वर्षाला 15 टक्के व्याज. व्याजाचा हिशेब कागदावर मांडता येतो. पण वाट पाहण्यात शेतकऱ्याच्या डोक्याची जी नासाडी होते, तिचा रकाना कुठल्याच ताळेबंदात नाही.

पुढच्या आठवड्यात खोडव्यातले पाचट न जाळता कसे कुजवावे, ते पाहू.