गायक बदलतील, पाटी बदलू नका



इथल्या एका हौशी मराठी बँडचे गेल्या सीझनला तीन कार्यक्रम झाले. गातात छान, वाजवतात त्याहून छान. पण पोस्टर्स बघाल तर तीन वेगळे बँड वाटतील. दिवाळीला जांभळ्यावर सोनेरी, फेब्रुवारीत २५-२६ तारखेचा मुहूर्त म्हणून कुवेतच्या झेंड्याचे चारही रंग, पाडव्याला भगवं. नाव एकदा देवनागरीत, एकदा इंग्रजीत, एकदा पुढे 'म्युझिकल ग्रुप' असं शेपूट लावून. तिसरं पोस्टर व्हॉट्सअॅपवर आलं तेव्हा शेजारच्या काकू विचारत होत्या, "हा नवीन ग्रुप का हो?"

यावर नेहमीचं उत्तर मिळतं की आपण हौशी माणसं, ब्रँडिंग-बिंडिंग कशाला? माझं मत नेमकं उलट आहे. हौशी बँडला, त्यातही आखातातल्या, याची गरज जास्त. कारण इथे माणसं टिकत नाहीत. आज सालमियात तबला वाजवणारा सहा महिन्यांनी कॅनडात असतो, गायिकेच्या नवऱ्याचा प्रोजेक्ट संपला की ती पुण्याला परत. पोस्टर म्हणजे मुख्य गायिकेचा मोठ्ठा फोटो असेल तर तिच्याबरोबर बँडची ओळखही विमानात बसते. उरलेल्यांना पुन्हा शून्यापासून सुरुवात.

आपल्याकडे हे फार पूर्वी कळलं होतं. प्रभात फिल्म कंपनी १९२९ मध्ये कोल्हापुरात सुरू झाली. पिक्चर सुरू होताना ती तुतारी फुंकणारी बाई दिसली की पुढे काय दर्जाचं बघायला मिळणार हे प्रेक्षकाला कळायचं. १९४२ मध्ये शांतारामबापूंसारखा माणूस बाहेर पडला, तरी तुतारी राहिली आणि १९४४ चा 'रामशास्त्री' प्रभातचा पिक्चर म्हणूनच लोकांनी पाहिला. बँडचंच उदाहरण हवं तर रोलिंग स्टोन्सची ती जीभ घ्या. जॉन पाश नावाच्या विद्यार्थ्याने १९७० मध्ये पन्नास पौंडांत काढून दिली, तीही आपल्या कालीमातेच्या चित्रावरून सुचलेली. बिल वायमन १९९३ मध्ये गेला, चार्ली वॉट्स २०२१ मध्ये वारला, जीभ तिथेच आहे.

आता आपल्या खिशाला झेपेल असं बोलूया. नाव एकदाच, हाताने, चांगल्या माणसाकडून लिहून घ्या. कमल शेडगे (२०२० मध्ये गेले) यांनी मराठी नाटकांची शीर्षकं अशी काढली की पेपरातल्या बोटभर जाहिरातीतही अक्षराच्या वळणावरून नाटक ओळखू यावं. कॉम्प्युटरमधला तयार फॉन्ट हे काम करत नाही, तो उद्या शेजारच्या केटरिंगवाल्याच्या मेन्यूवरही असतो. मूळ देवनागरीच ठेवा. इंग्रजी आणि अरबी नाव त्याखाली, लहान, आणि स्पेलिंग कायमचं ठरवलेलं. अरबी उजवीकडून वाचतात, तेव्हा तिन्ही लिप्या मधोमध रचल्या तर कुणाचीच ओढाताण होत नाही. रंग दोन, बस्स. सणाचा रंग मागच्या चित्रात येऊ दे, नावाच्या अक्षरांना लावू नका.

खरी लढाई मात्र स्पॉन्सरशी आहे! मनी एक्स्चेंज, ट्रॅव्हल एजंट, दवाखाना, ज्वेलर असे बारा लोगो खाली लागतात, मग त्यातला एखादा म्हणतो "आमचा जरा वर घ्या", आणि बँडचं नाव कोपऱ्यात जातं. पैसे त्यांचे, मान्य. पण पट्टी ठरवून घ्या: तळाचा पाचवा हिस्सा स्पॉन्सरचा, वर कुणी नाही. आणि हे पैसे घेण्याआधी सांगायचं, नंतर नाही.

ऑक्टोबरपासून हॉल बुकिंगची धावपळ सुरू होते, तेव्हा या गोष्टींना कुणालाच वेळ नसतो. जून ते ऑगस्ट अर्धी मंडळी भारतात असतात. त्या सुट्टीत मुंबई-पुण्याला एखाद्या सुलेखनकाराला गाठा, आणि फाईल एकाच्या लॅपटॉपवर न ठेवता निदान तिघांकडे ठेवा. तो लॅपटॉपवालाही उद्या ट्रान्सफर होणारच आहे.