भंगारातला ऑसिलोस्कोप

एका कॉलेजने प्रयोगशाळेतला जुना ऑसिलोस्कोप किलोच्या भावाने काढला. भंगारवाले चाचा ओळखीचे, म्हणून तांब्याच्या तारेसाठी फोडण्याआधी त्यांनी मला निरोप धाडला. आता तो शेणव्यात, माझ्या घराच्या मागच्या खोलीत आहे आणि चालतो.

बिघाड काय होता? फिल्टरचे कंडेन्सर वाळले होते, त्यामुळे पडद्यावरची रेघ सरळ न येता लाटेसारखी डुलायची. स्विचचे कॉन्टॅक्ट आमच्याकडच्या पावसाळी ओलीने काळे पडले होते. पहिल्यांदा वीज दिली ती शंभर वॅटचा बल्ब सिरीजमध्ये लावून. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, लख्ख पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे. पिक्चर ट्यूबला हजारांत व्होल्ट असतात आणि बंद केल्यावरही कंडेन्सर भारलेले राहतात. म्हणून पोरांना सांगतो, आधी डिस्चार्ज करा आणि एक हात खिशात ठेवा.

एवढ्या कामाला सुटे भाग किरकोळ पैशांचे लागले, तेही लॅमिंग्टन रोडला सहज मिळाले. मग त्या कॉलेजला हे का जमलं नाही? मला वाटतं, जमवायचंच नव्हतं. कपाट रिकामं करायचं होतं.

आपल्याच ठाण्यात अप्लॅब 1962 पासून अशी उपकरणं बनवत आली, मोटवानेचे मीटर नाशिकचे. हे आपलं ज्ञान आहे आणि ते किलोवर विकलं जातंय. केंद्र सरकारने जुलै 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिने शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि गाड्या ही चार क्षेत्रं धरली. प्रयोगशाळा त्यात नाही.

कुणी म्हणेल, आज स्वस्तात डिजिटल स्कोप मिळतो, हलका आणि जास्त कामाचा. खरं आहे, मोजायला मीही तोच वापरेन. पण जुन्याचं झाकण उघडलं की एकेक भाग डोळ्यांना दिसतो, सर्किटच्या नकाशावर बोट ठेवून सापडतो. आयटीआयला जाणारी आमची दोन पोरं संध्याकाळी येतात. ट्रान्झिस्टर पुस्तकात वाचलेला, इथे त्यांनी तो सोल्डर काढून बदलला. असं सामान लिलावात काढण्याआधी तालुक्यातल्या आयटीआयला किंवा गावच्या मेकॅनिकला विचारायला काय हरकत आहे?

काल चाचांचा फोन आला. एक सिग्नल जनरेटर आलाय म्हणाले. तोडू नका म्हटलं, जुम्म्यानंतर येतो.