लाख वेळा चालवून पाहिलं, म्हणून?



‘चाचण्या कसून घेतल्या की पुरे, सॉफ्टवेअरची गणिती सिद्धता म्हणजे प्राध्यापकांचे खर्चिक चोचले’ असं सांगणारं गेल्या अंकातलं पत्र वाचलं. एकट्यानं चालणाऱ्या प्रोग्रॅमबाबत ते एक वेळ खपून जाईल. एकाच वेळी चालणाऱ्यांचं काय?

समजा, खात्यात १००० रुपये आहेत. अंगारकीला इथं राजूरला गणपतीच्या दर्शनाला आलेला नवरा एटीएममधून ८०० काढतो, त्याच क्षणी जालन्यात बायको फोनवरून कुणाला तरी ८०० पाठवते. दोन्ही प्रोग्रॅमनी शिल्लक आधी वाचली आणि वजाबाकी मागाहून केली, की १६०० गेलेच! प्रत्येकी दहा पायऱ्यांचे दोन प्रोग्रॅम एकमेकांत १,८४,७५६ प्रकारे गुंफले जातात. तीन असतील तर साडेपाच लाख कोटींहून अधिक. घातक गुंफण नेमकी चाचणीच्याच दिवशी उगवेल, याची हमी कोण देणार?

अ‍ॅमेझॉनच्या अभियंत्यांनी अशाच गुंफणी धुंडाळण्यासाठी संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लॅम्पोर्ट यांच्या टीएलए प्लस या गणिती भाषेत आपल्या डायनॅमोडीबी या डेटाबेसचा आराखडा मांडून तपासला, तेव्हा एक दोष सापडला. तो दिसायला किमान ३५ पायऱ्या लागत होत्या. परीक्षणं, चाचण्या, सगळ्यांच्या हातून तो निसटला होता. हे त्यांनीच २०१५ साली छापून सांगितलं.

आराखडा निर्दोष म्हणून कोड निर्दोष ठरत नाही, हा पत्रलेखकांचा मुद्दा मात्र रास्त. त्यासाठी थेट कोड तपासणारी साधनं आहेत. पुण्यात टीसीएसच्या संशोधकांनी सी भाषेसाठी ‘व्हेरिअ‍ॅब्ज’ घडवलं आहे. राहिला खर्च. अ‍ॅमेझॉनमधल्या नवख्यांना टीएलए प्लस शिकून कामाला लावायला दोन-तीन आठवडे पुरले.

— एक वाचक, राजूर (ता. भोकरदन, जि. जालना)