रोडगा आपला, स्कॉन परका?

गेल्या डिसेंबरात जालना जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात ललितलेखनाची स्पर्धा झाली. पदव्युत्तर मराठीच्या एका विद्यार्थिनीने तीत नाताळच्या आठवड्यावर निबंध दिला होता. तिची आई परिचारिका. रात्रपाळी संपवून ती घरी येते, झाकणाला काच असलेल्या गोल अ‍ॅल्युमिनियमच्या ओव्हनमध्ये दालचिनी-जायफळ घातलेले गोड ‘स्कॉन’ भाजते, आणि मुलगी ते स्टीलच्या डब्यातून गल्लीतल्या घरोघरी देऊन येते, एवढाच मजकूर. एका घरातून डबा रिकामा परत पाठवू नये म्हणून मूठभर साखर येते. दुसऱ्या घरात डबा उंबऱ्याच्या आत घेत नाहीत, बाहेरच्या बाहेर ताटलीत उपडा करून घेतात. ही दोन वाक्ये तिने शेजारी शेजारी ठेवली होती आणि त्यांवर काहीही भाष्य केले नव्हते.

निबंध परत गेला तेव्हा त्यातला प्रत्येक ‘स्कॉन’ लाल शाईने ‘स्कोन’ केलेला होता, आणि शेवटी शेरा होता : ‘भाषा चांगली. विषय आपल्या मातीतला नाही.’ तीन परीक्षकांपैकी एक आमच्यातला. त्याला निबंध आवडला होता, तरी वाद नको म्हणून त्याने शेऱ्याखाली सही केली. हा लेख आम्ही तिघे मिळून लिहीत आहोत तो त्या सहीमुळे. पुढे सूर चढला तर वाचकांनी ते ध्यानात घ्यावे.

आधी लाल शाईचे पाहू. स्कॉन मूळचा स्कॉटलंडचा आणि तिथे त्याला ‘स्कॉन’च म्हणतात. ‘स्कोन’ की ‘स्कॉन’ हा वाद इंग्लंडात अजून मिटलेला नाही. पण जन्मगावचा उच्चार विद्यार्थिनीकडे होता, दुरुस्ती करणाऱ्याकडे नव्हता. पाहुण्याला परका म्हणून दारातून हाकलायचे आणि जाता जाता त्याचे इंग्रजीही सुधारून द्यायचे, असा हा आमचा पाहुणचार.

साहित्याच्या अभ्यासकांनी या शब्दाची आणखी एक हकीकत लक्षात घ्यावी. गॅव्हिन डग्लस या कवीने व्हर्जिलच्या ‘ईनिड’चा स्कॉट्स भाषेत अनुवाद केला, तो १५१३ साली पुरा झाला. ‘स्कॉन’ हा शब्द लिखित स्वरूपात पहिल्यांदा सापडतो तो या अनुवादात, सातव्या सर्गात. ट्रॉयहून परागंदा झालेली माणसे इटलीच्या किनाऱ्यावर गवतावर जेवायला बसली आहेत. ताटे नाहीत, म्हणून पिठाच्या भाकऱ्यांवर फळे मांडली आहेत. फळे संपली, भूक उरली, तेव्हा त्यांनी खालच्या भाकऱ्याही खाल्ल्या. ईनियसचा मुलगा थट्टेने म्हणतो, आपण तर आपली टेबलेच खाल्ली. टेबले खाण्याची पाळी येईल तिथे तुमचे घर, असे भाकीत पूर्वी झालेले असते. त्या थट्टेसरशी ईनियसला उमगते की हीच आपली भूमी. त्या पंगतीतल्या लॅटिन पदार्थाला डग्लसने आपल्या गावच्या चुलीवरचे नाव दिले. संस्कृतातली गीता मराठीत आणताना ज्ञानेश्वरांनी घरादारातल्या, शेताशिवारातल्या उपमा वापरल्या, हे आपण दर वर्षी वर्गात शिकवतो. तेच दुसऱ्या कुणी दुसऱ्या भाषेत केले की आपल्याला ओळखू येत नाही.

शिवाय तो स्कॉन तव्यावरचाच होता. सातू किंवा ओटच्या पिठाची जाड, वाटोळी भाकर लोखंडी तव्यावर भाजायची आणि तिचे चार तुकडे करायचे, हे त्याचे जुने रूप. आज बेकरीत दिसतो तो फुगीर गोळा बेकिंग पावडरीचे अपत्य. ती पावडर अल्फ्रेड बर्ड नावाच्या इंग्रज रसायनज्ञाने १८४३ साली तयार केली, असे सांगतात की बायकोला यीस्ट सोसत नसे म्हणून. म्हणजे ज्याला आपण ‘इंग्रजी ओव्हनचा पदार्थ’ म्हणून बाजूला सारतो, तो आपल्या भाकरीचा लांबचा चुलतभाऊ आहे. ओव्हन त्याच्याही घरी उशिराच आला.

त्याच स्पर्धेच्या समारोपात एका वक्त्यांनी सांगितले की मराठीत ‘बेक करणे’ याला शब्द नाही, कारण ती क्रियाच आपली नाही. टाळ्याही पडल्या. आम्हाला प्रश्न पडला तो असा, की मराठीत वांगी भाजतात, शेंगा भाजतात, भाकरी भाजतात, विटा आणि मडकी भट्टीत भाजतात. मग स्कॉननेच काय घोडे मारले आहे? आणि रोडगे? कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या आरात पुरून, वरून राख ओढून, आतपर्यंत शिजू देणे ही क्रिया बेक करण्याहून वेगळी आहे, हे कुणी तरी आम्हाला दाखवून द्यावे. मार्गशीर्षात चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य असतो. त्यानंतर काही आठवड्यांतच त्या परिचारिकेचा ओव्हन तापतो. एकाच थंडीत, एकाच गावात या दोन भट्ट्या लागतात. एक ‘संस्कृती’ आणि दुसरी ‘विषय मातीतला नाही’.

रोडगा साहित्यात आला कसा, हेही आपण विसरतो. एकनाथांच्या भारुडातली सून सासरच्या एकेका माणसाचा काटा काढण्यासाठी भवानीआईला रोडगा कबूल करते, आणि पैठणच्या पंडिताने हा बाजारातला, बायकांच्या तोंडचा नवस कवितेत घेतला म्हणून रोडगा आपल्या अभ्यासक्रमात आहे. विसोबाच्या धाकाने कुंभार खापर देईनात, तेव्हा मुक्ताबाईने ज्ञानेश्वरांच्या तापलेल्या पाठीवर मांडे भाजले, ही आख्यायिका तर प्रत्येक मराठी पोर ऐकते. भाजण्याचे साधन नाकारले गेलेल्या घराची ती गोष्ट आहे. तिच्यावर डोळे पुसणारे आपण, उंबऱ्याबाहेर उपडा होणारा डबा वाचताना कोरडे राहिलो.

‘माती’ हा शब्द तर आता जपूनच वापरावा. जालन्याची मोसंबी ही आमच्या अभिमानाची वस्तू, तिला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. पण ‘मोसंबी’ हे नाव मोझांबिकवरून आले असे मानतात. ठेच्यातली मिरची अमेरिका खंडातून आली. पाव आणि बटाटा हे शब्द पोर्तुगीजांचे, नानखटाईतला नान फारसीतला. आणि स्कॉटलंडच म्हणाल तर १८४३ मध्ये मुंबईत ख्रिस्ती झालेले नारायण शेषाद्री पुढे तिथल्या फ्री चर्चच्या मिशनतर्फे जालन्यात आले आणि गावाजवळ त्यांनी बेथेल ही वस्ती उभी केली. ही एकोणिसाव्या शतकातली घटना आहे. तिच्यावरून त्या निबंधातल्या स्कॉनची वंशावळ काढण्याचा मोह आम्ही टाळतो. कुळकथा दाखवल्याशिवाय एखाद्या मुलीला स्वतःच्या स्वयंपाकघराविषयी मराठीत लिहिता येऊ नये, ही अटच आम्हाला मान्य नाही. देशीवादाच्या मांडणीत ‘देशीकरण’ असाही एक शब्द आहे; आमच्या विभागांत तो परीक्षेपुरता पाठ केला जातो.

एका रविवारी आम्ही स्कॉन करून पाहिले. दोन वाट्या मैदा, दोन चहाचे चमचे बेकिंग पावडर, चिमूट मीठ, चार मोठे चमचे थंड लोणी, चार चमचे पिठीसाखर, दालचिनी, जायफळ, सुंठ, वेलदोडा, मोसंबीची किसलेली साल आणि भिजवायला ताक. पहिला घाणा दगड झाला. कारण सोपे होते : पोळीच्या सवयीने आम्ही पीठ तिंबले. मळल्याने मैद्यात चिवट ताण येतो; पोळीला तो हवा असतो, स्कॉनला नको. दुसऱ्या खेपेला आमच्यातल्या एकीच्या सासूबाई ओट्याशी आल्या. पिठात लोणी चोळताना त्यांनी फक्त एवढे विचारले, “हे मोहनच ना? मग मुटका वळतो का बघा.” करंजीला कडकडीत, याला थंड, बाकी हाताची चाल तीच. ताक घालून पीठ नुसते गोळा केले, बोटभर जाड थापले, वाटीने कापले आणि चांगल्या तापलेल्या, म्हणजे २२० अंशांच्या, ओव्हनमध्ये पंधरा मिनिटे ठेवले. मधेच वीज गेली नाही, हे आमचे भाग्य. फुगले, खुसखुशीत झाले, आत जाळी पडली. मोहन, मुटका, खुसखुशीत, जाळी : एकही शब्द उसना आणावा लागला नाही. याउलट शहरी पुरवण्यांतल्या पाककृती पाहाव्यात. तिथे मिश्रण ‘फोल्ड’ होते, ओव्हन ‘प्रीहीट’ होतो आणि वर ‘राजेशाही इंग्लिश चहा’चे तोरण. मातीवाले आणि हे तोरणवाले एकमेकांचे शत्रू समजले जातात. आमच्या मते दोघांचे म्हणणे एकच आहे, की हा पदार्थ आपला नव्हे. एक त्यामुळे रागावतो, दुसरा त्यामुळे भाव खातो.

एक आक्षेप मात्र आम्ही हलका मानत नाही. २०१२-१३च्या दुष्काळात जालन्याने पाण्यासाठी काय सोसले ते आम्ही पाहिले आहे. अशा जिल्ह्यात मैदा-लोण्याचे कौतुक कशाला, लेखकाने भाकरीविषयी लिहावे, असे एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले. भाकरीविषयी जरूर लिहावे. पण कोणाच्या? शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्ण ब्रह्म’ या २०१५ सालच्या पुस्तकाने मराठवाड्यातल्या दलितांच्या चुलीवर काय शिजत होते ते मांडले, तेव्हा ‘आपले अन्न’ म्हणून मिरवलेल्या ताटात किती जणांचे अन्न कधी वाढलेच गेले नव्हते हे कळायला हवे होते. कष्टकऱ्याने भाकरीच खावी आणि तिच्याविषयीच लिहावे, ही अपेक्षा बहुधा दोन्ही वेळ पोळी खाणारे करतात, आम्हीही त्यांतलेच. रात्रपाळीच्या पगारातून वर्षातून एकदा लोणी आणणाऱ्या बाईला दुष्काळ आम्ही शिकवायचा?

गुण आता बदलत नाहीत; निकाल लागून गेला. सही करणारा आमचा सहकारी त्या मुलीला भेटला आणि निबंध दोष नसताना डावलला गेला, असे त्याने सांगितले. तिने ते शांतपणे ऐकून घेतले. तिने तो निबंध फाडला नव्हता, हे आमचे नशीब. उच्चार पूर्ववत करून तो विभागाच्या नियतकालिकासाठी आम्ही मागून घेतला आहे. जाताना सहकाऱ्याने आमच्या दुसऱ्या घाण्यातले चार स्कॉन तिच्याबरोबर आईला पाठवले. दुसऱ्या दिवशी डबा परत आला. त्यात मूठभर साखर होती आणि निरोप होता : सालीबरोबर आतला पांढरा भागही किसला गेला आहे, म्हणून मागाहून कडवट लागतात.